नकाशात पाणी कुठे आहे? – गोव्याच्या खाजन जमिनींची नोंद कशी करावी

(सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. व्याख्यानात दाखवलेल्या चित्रांचे संदर्भ वाचकांसाठी शब्दांत दिले आहेत. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे आहेत.)

आजचा विषय जरा कोरडा वाटेल, 'दस्तऐवजीकरण'. शब्दच असा आहे की ऐकल्याबरोबर जांभई यावी. म्हणून मी एका फजितीपासून सुरुवात करतो. फजिती आमचीच आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही चार-पाच जण गोव्यातल्या एका गावात खाजन शेतीची नोंद करत होतो. बांध मोजला, पाण्याचा दरवाजा मोजला, शेतांच्या हद्दी काढल्या, फोटो घेतले. महिन्याभराच्या कामानंतर एक मोठा नकाशा तयार झाला. तो आम्ही गावातल्या एका घराच्या बलकावात, म्हणजे ओसरीवर, जमिनीवर पसरला. गावातली चार जाणती माणसं बघायला आली. त्यातल्या एका आजोबांनी नकाशा बराच वेळ नीट पाहिला आणि विचारलं, "सगळं बरोबर काढलंय. पण यात पाणी कुठे आहे?"

आम्ही नदी दाखवली. निळ्या रंगात रंगवलेली होती. ते म्हणाले, "ही नदी झाली. पाणी कुठे आहे? सकाळी कुठे असतं, दुपारी कुठे असतं, अमावास्येला कुठे असतं?"

त्यांचं म्हणणं आम्हाला पुढे समजत गेलं. आज मी त्याच प्रश्नाबद्दल बोलणार आहे. माणसांनी घडवलेली, शेकडो वर्षं राबती असलेली जमीन जेव्हा आपण कागदावर उतरवतो, तेव्हा नेमकं काय उतरवायचं असतं?

आधी थोडी पार्श्वभूमी

जुन्या गोष्टींची पद्धतशीर नोंद ठेवायची म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर इमारत येते. देऊळ, किल्ला, वाडा. जगातही बऱ्याच ठिकाणी सुरुवात तिथूनच झाली. अमेरिकेचं उदाहरण घेऊ. १९३३ साली, महामंदीच्या काळात, बेकार झालेल्या वास्तुविशारदांना काम मिळावं म्हणून तिथल्या सरकारने ऐतिहासिक इमारतींची नोंद करण्याचा उपक्रम काढला. मोजून काढलेली रेखाचित्रं, उत्तम छायाचित्रं आणि लिखित इतिहास, असा तीन भागांचा संच. १९६९ मध्ये त्याच धर्तीवर पूल, गिरण्या, यंत्रं यांच्यासाठी वेगळा उपक्रम सुरू झाला. आणि बागा, शेतं, गावांची रचना अशा भूदृश्यांसाठी तिसरा उपक्रम यायला २००० साल उजाडलं. म्हणजे इमारतीकडून जमिनीकडे यायला सदुसष्ट वर्षं लागली.

युनेस्कोनेही १९९२ साली जागतिक वारशाच्या चौकटीत 'सांस्कृतिक भूदृश्य' हा प्रकार मान्य केला. निसर्ग आणि माणूस या दोघांनी मिळून घडवलेली जागा, असा त्याचा साधा अर्थ. त्यात तीन जाती केल्या. एक, मुद्दाम आखून केलेली, जशी बाग. दोन, गरजेतून हळूहळू घडत गेलेली, जशी डोंगरउतारावरची शेतं. आणि तीन, श्रद्धेने किंवा आठवणीने महत्त्व आलेली, जसा एखादा पवित्र डोंगर. दुसऱ्या जातीचे पुन्हा दोन भाग आहेत. काही ठिकाणी ती घडण थांबली आहे आणि खुणा उरल्या आहेत. काही ठिकाणी ती आजही चालू आहे.

ही 'आजही चालू' असलेली जात नोंद करायला सगळ्यात अवघड. देवळाचा खांब आज मोजला आणि उद्या मोजला तर तेवढाच भरतो. शेताचं तसं नाही. आणि ज्या शेतात दिवसातून दोनदा समुद्र येऊन दार ठोठावतो, त्याचं तर नाहीच नाही.

खाजन म्हणजे काय

गोव्यात जमिनीचे ढोबळमानाने तीन थर सांगतात. उंचावरची मोरड, मधली रेताड खेर आणि सगळ्यात खालची खाजन. मांडवी, झुआरी आणि इतर नद्यांच्या मुखाकडच्या भागात भरतीचं खारं पाणी खूप आतपर्यंत येतं. तिथल्या कांदळवनाच्या दलदलीला बांध घालून पूर्वजांनी शेती केली. ही शेतं भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. बांधावर उभं राहिलात तर भरतीच्या वेळी एका बाजूला नदी वर दिसते आणि दुसऱ्या बाजूला भात खाली दिसतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला जरा गरगरतंच. राज्यात अशी जमीन सुमारे १८,००० हेक्टर असल्याचं सांगितलं जातं. गोव्यासारख्या छोट्या राज्यात हा आकडा लहान नाही.

आता यंत्रणा बघू. तिचे मुख्य भाग तीन.

पहिला बांध. नदीकडचा बाहेरचा बांध मोठा. आत चिखल-माती, गवत-पेंढा, आणि नदीच्या बाजूला जांभा दगड. त्याच्या पुढ्यात कांदळाची झाडं राखलेली असतात, लाटेचा मार त्यांनी आधी खायचा. आतले बांध लहान, मातीचे. खेकडा बिळं करतो, लाट पाया खाते, त्यामुळे बांध एकदा बांधून संपत नाही. तो दरवर्षी थोडा थोडा पुन्हा बांधावा लागतो.

दुसरा भाग मानस. काही जण मानशी म्हणतात. हा बांधातला पाण्याचा दरवाजा. लाकडी झडपा अशा बसवलेल्या असतात की भरतीचं पाणी बाहेरून रेटा देऊ लागलं की त्या आपोआप मिटतात. ओहोटी लागली, बाहेरची पातळी उतरली, की आतलं पाणी त्यांना ढकलून उघडतं आणि बाहेर पडतं. वीज नाही, पंप नाही. चंद्र काम करतो असं म्हणा ना!

तिसरा भाग पोंय. मानशीच्या आतल्या बाजूचा खोलगट पाणवठा. दरवाजा बंद असताना पावसाचं पाणी कुठेतरी थांबायला हवं, ते इथे थांबतं. इथेच मासळीही वाढते.

वर्षाचा क्रम साधारण असा. पावसाळ्याच्या तोंडाशी खारं पाणी बाहेर ठेवायचं. पहिल्या पावसाने शेतातलं मीठ धुऊन निघतं आणि ओहोटीला मानशीतून जातं. मग कोरगूटसारखं, थोडा खारटपणा सोसणारं भात. कापणीनंतर काही ठिकाणी खारं पाणी मोजून आत घ्यायचं, त्याबरोबर सुंगटं, चणाक, काळुंद्रं येतात. काही ठिकाणी उन्हाळ्यात मिठागरं. एकाच जमिनीतून भात, मासे आणि मीठ. तिघांना तीन वेगळ्या प्रकारचं पाणी लागतं, आणि दरवाजा मात्र एकच!

इथे थांबून विचार करा. मानशीची झडप भरतीला आपोआप मिटते हे खरं, पण ती मुद्दाम उचलून धरता येते, फळ्या लावून अडवूनही ठेवता येते. म्हणजे कोणत्या महिन्यात किती खारं पाणी आत येऊ द्यायचं, हे शेवटी माणूस ठरवतो. खाजन बांधाने टिकतं तितकंच या ठरवण्यावर टिकतं.

कागद काय सांगतात

ही व्यवस्था किती जुनी? फोंडा तालुक्यातल्या बांदोडे इथे मिळालेला अनिर्जितवर्मन या मौर्यवंशीय राजाचा ताम्रपट साधारण सहाव्या शतकातला मानतात. त्यात खाजन जमिनीचं दान आहे, आणि खारं पाणी अडवून ती लागवडीखाली आणण्याची भाषा आहे. म्हणजे 'खाजन' हा शब्द आणि बांध घालण्याची कल्पना दोन्ही किमान चौदाशे वर्षांची.

व्यवस्था बघायची गावकारी. गावच्या मूळ घराण्यांची ही संस्था, पोर्तुगीज तिला कोमुनिदाद म्हणू लागले. १५२६ साली आफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने गावकारांच्या चालीरीती लिहून काढल्या, त्या दस्ताला 'फोराल' म्हणतात. मला हा दस्त आजच्या विषयासाठी महत्त्वाचा वाटतो. त्यात जमिनीचं चित्र नाही. त्यात आहेत नियम: कोणाचा हक्क, कोणाची जबाबदारी, कर कसा भरायचा. आलेल्या सत्तेला महसूल हवा होता म्हणून तिने लिहून घेतलं, हेतू काही वारसा जपण्याचा नव्हता. तरीही गाव कसं चालतं हे समजायला नकाशा पुरत नाही, नियम लागतात, एवढं तिला पाचशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

पुढे कोमुनिदादींच्या वह्या पोर्तुगीजमध्ये झाल्या, काही जुनी कागदपत्रं मोडी आणि गोंयकानडी लिपीत आहेत. पणजीच्या पुराभिलेखागारात असे दप्तर बघायला मिळतात. त्यात बांधाच्या दुरुस्तीवर झालेला खर्च आला की आम्ही खूश होतो. रुक्ष नोंद असते, पण बांध कधी फुटला, किती माणसं लागली, पैसा कुठून आला हे कळतं. इतिहास बरेचदा हिशेबाच्या वहीत लपलेला असतो.

एक इशाराही देतो. हे कागद वाचून गावकारी म्हणजे रामराज्य होतं असं समजू नका. हक्क वंशपरंपरेने, पुरुषांकडे. प्रत्यक्ष चिखलात उतरून बांध घालणारे, भात लावणाऱ्या बायका, मिठागरातले मजूर यांचं नाव वहीत सापडणं कठीण. सापडली तर मजुरीच्या रकान्यात, एक आकडा म्हणून. त्यामुळे कागदाबरोबर माणसांकडे जावंच लागतं.

आम्ही चुकलो कुठे, आणि मग काय केलं

आजोबांच्या प्रश्नानंतर आम्ही पुन्हा गावात गेलो. नव्याने काय केलं ते सांगतो, कारण तुमच्यापैकी कोणाला आपल्या गावात असं काम करायचं असेल तर ते उपयोगी पडेल.

एक, उभा छेद. नकाशा म्हणजे वरून पाहिलेली जमीन. खाजनाचं मर्म उंचीत आहे. म्हणून नदीपासून बांधावरून, पोंयीतून, शेतातून थेट वस्तीपर्यंत एक सरळ रेषा धरली आणि तिच्यावर उंची मोजत गेलो. भरतीची रेषा, ओहोटीची रेषा, बांधाचा माथा, शेताची पातळी, पोंयीचा तळ. त्या एका छेदावर गाव समजतं. आणि उंची कशापासून मोजली हे नक्की लिहायचं. एखादी न हलणारी खूण धरा, देवळाची पायरी, क्रॉसचा चौथरा, पुलाचा कठडा. ती नसेल तर वीस वर्षांनी समुद्र वर आला की बांध खचला, हे कोणालाच सांगता येणार नाही.

दोन, वेळ. मानशीजवळ खुणा केलेली काठी रोवली आणि एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत, म्हणजे सुमारे साडेबारा तास, ठरावीक अंतराने आतली आणि बाहेरची पातळी लिहिली. दरवाजा कधी मिटला, कधी उघडला तेही. हे अमावास्येच्या उधाणाला केलं आणि अष्टमीच्या भांगाला पुन्हा केलं. दोन्हींत केवढा फरक! किनाऱ्यावरचे जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची ढोबळ वेळ काढतात. अष्टमी म्हणजे आठ, त्याची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. तेव्हापासून आमच्या प्रत्येक फोटोखाली तारीख, वेळ, दिशा आणि त्याबरोबर तिथी असते. तिथी नसलेला मानशीचा फोटो अर्धा आहे.

तीन, वर्षाचं चक्र. मोठा गोल काढला, बारा भाग केले. कोणत्या महिन्यात शेतात गोडं पाणी, कधी खारं, कधी कोरडं. भाताची कामं कोणती, मासळी कधी, बांधाची डागडुजी कधी. हा गोल भरताना लोकांमध्ये वाद झाले. शेतकरी एक महिना सांगत होते, मासळीवाले दुसरा. आम्ही दोन्ही लिहिले, कोण म्हणालं त्यासकट. वाद मिटवणं हे नोंद करणाऱ्याचं काम नाही. वाद आहे हीच माहिती आहे.

चार, नावं. शेताच्या प्रत्येक तुकड्याला, बांधाच्या प्रत्येक वळणाला नाव असतं. सरकारी उताऱ्यावर सर्व्हे नंबर असतो, नाव बहुधा नसतं. नावात इतिहास असतो. एखाद्या वस्तीच्या नावात 'आगर' असेल आणि आज तिथे घरं असतील, तर कधीकाळी मिठागर होतं का हे विचारायला जागा मिळते. नावं त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच उच्चारात लिहायची. शहाण्यासारखी शुद्ध करायची नाहीत.

पाच, पैसा. यावर जरा सविस्तर बोलायला हवं.

बांधाचा खिसा

मानशीपाशी ओहोटीच्या वेळी जाळं लावून मासे पकडतात. हा मासे पकडण्याचा हक्क ठरावीक मुदतीसाठी लिलावाने दिला जातो. गोव्यात लिलावाला पावणी म्हणतात. जुना हिशेब सोपा होता. पावणीचे पैसे गावाच्या संस्थेकडे आणि त्यातून बांधाची दुरुस्ती. मासे बांधाचा खर्च भागवत आणि बांध भाताला सांभाळत असे.

१९६१ नंतर चित्र बदललं. १९६४ चा कूळ कायदा आला. १९७५ च्या नियमांनी बांध-मानशींची सामाईक जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे दिली. १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळाला मालकी मिळाली. कसणाऱ्याला जमीन मिळणं न्यायाचंच होतं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण हक्क एका हातातून दुसऱ्या हातात जाताना बांधाची वही, दुरुस्तीचं ज्ञान आणि दुरुस्तीचा पैसा हे सगळीकडे बरोबर गेलं असं झालं नाही.

त्यात शेती परवडेनाशी झाली. मुलं नोकरीला, बोटीवर, परदेशात गेली. भात कमी आणि मासळीला भाव जास्त. मग काही ठिकाणी काय होतं बघा. पावणी घेणाऱ्याला खारं पाणी जास्त हवं, कारण त्याबरोबर मासळी येते. शेतकऱ्याला ते बाहेर हवं. पूर्वी दोघांत ओढाताण होती आणि त्या ताणातून मधला तोल निघायचा. आता शेतकरी शेतावर येतच नसेल तर दुसऱ्या बाजूने दोरी धरायला कोणी नाही. दरवाजा वाजवीपेक्षा जास्त उघडा राहतो. शेतात खारं पाणी साचतं. एकदा मीठ मुरलं की ते धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे जातात. तोवर कांदळ उगवतं. कांदळाला वनकायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे शेत परत मिळवणं आणखी अवघड.

आता आपल्या विषयाकडे या. या सगळ्या बदलात बांध जागेवर आहे. मानस जागेवर आहे. पोंय आहे. आमच्या पहिल्या नकाशात दाखवलेली प्रत्येक वस्तू जागच्या जागी आहे! नकाशावर काडीचा फरक दिसणार नाही आणि खाजन मात्र मेलेलं असेल. म्हणून मी म्हणतो, अशा जमिनीत जपण्याची मुख्य वस्तू म्हणजे माणसांमधला करार. कधी उघडायचं, कधी मिटायचं, कोणी पैसे द्यायचे, कोणी राबायचं. बांध हे त्या कराराचं दिसणारं रूप आहे. नोंद दोन्हींची झाली पाहिजे.

आपली नोंद पुरी झाली की नाही हे ओळखायला मी एक कसोटी वापरतो. समजा उद्या उधाणाने बांध फुटला आणि गावातलं जाणतं कोणी उरलं नाही. आपली फाईल वाचून नव्या माणसांना नुसता बांध नव्हे, ती व्यवस्था पुन्हा उभी करता येईल का? आमची पहिली फाईल या कसोटीला साफ नापास होती.

हे फक्त गोव्याचं नाही

तुमच्यातले बरेच जण महाराष्ट्रातून ऐकत आहेत. रायगड जिल्ह्यात अलिबाग, पेण भागात खारेपाट आहे. तिथेही खाडीला बांध घालून भातशेती. तिथे शब्द वेगळे: खारबंदिस्ती, उघाडी म्हणजे पाण्याचा दरवाजा, बांध फुटून पडलेली ती खांड. १८८३ च्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये खारजमिनींची आणि शिलोत्री बांधांची माहिती आहे. याच खारेपाटातल्या चरी गावातून १९३३ मध्ये खोतीविरुद्ध शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली, आणि तो १९३९ पर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला होता. म्हणजे खारेपाटाची नोंद करताना बांधाची उंची लिहिली आणि संप गाळला, तर ती जमीन कोणाच्या कष्टावर आणि कोणत्या भांडणातून घडली हेच गाळलं.

तिथे पुढे बांधांचा भार सरकारकडे गेला. १९४८ चा मुंबई खारभूमी कायदा, मग महाराष्ट्राचा १९७९ चा खारभूमी विकास कायदा. गोव्यात कुळांच्या संघटना, इथे सरकारी खातं. दोन्हीकडे आज उधाणाला खांडी पडतात, दोन्हीकडे शेतकरी विचारतो, "बांध कोणाचा?" या प्रश्नाचं उत्तर जमिनीकडे बघून मिळत नाही. लिहून ठेवलं असेल तरच मिळतं.

बाहेरचंही एक उदाहरण देतो. फिलिपिन्समधल्या इफुगाव लोकांची डोंगरउतारावरची भातशेतं १९९५ मध्ये जागतिक वारसा यादीत आली. मोठा मान. पण २००१ मध्ये ती 'धोक्यातील वारसा' यादीत टाकावी लागली. तरुण निघून गेले होते, ताली ढासळत होत्या. तिथल्या लोकांनी आणि शासनाने पुन्हा बरंच काम केल्यावर २०१२ मध्ये ती त्या यादीतून बाहेर आली. नाव यादीत आलं म्हणून ताल कोणी बांधून देत नाही.

नोंद कोणाच्या कामाची

शेवटचा मुद्दा. नोंद करून ठेवायची कुठे? आमची पहिली फाईल शहरातल्या कपाटात होती. गावाकडे एक कागद नव्हता. आता आम्ही पहिली प्रत गावात ठेवतो, गाव सांगेल त्या ठिकाणी. मोठ्या अक्षरात, त्यांना वाचता येईल अशा भाषेत. आणि शेवटी कोरी पानं सोडतो. पुढच्या वर्षी बांधाला काय झालं ते त्यांनी लिहावं म्हणून. राबत्या जमिनीची नोंद 'पूर्ण झाली' असं कधी म्हणता येत नाही, ती चालू खातेवही आहे.

आणि तिचा उपयोग होतो. २०११ च्या किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत गोव्याच्या खाजन जमिनींचा वेगळा उल्लेख आहे, त्यांचे नकाशे करावेत, त्या जपाव्यात असं म्हटलं आहे. म्हणजे खाजन कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं यावर उद्या मोठे निर्णय होणार. तेव्हा पडीक दिसणारं शेत कधी आणि का पडीक झालं, हे सांगणारा कागद गावाकडे असेल तर गावाला बोलता येईल. नसेल तर 'इथे काय, दलदल तर होती' असं म्हणायला कोणाला कितीसा वेळ लागतो?

त्या आजोबांना दुसरा नकाशा दाखवायला आम्ही गेलो. खरं तर तो नकाशा नव्हता, दहा-बारा कागदांचा गठ्ठा होता. छेद, पातळ्यांचे तक्ते, वर्षाचा गोल. त्यांनी उलटून पाहिलं आणि एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाले, "ही वेळ चुकली आहे." आम्ही दुरुस्त केली. त्याहून मोठी पावती काय असणार?



प्रश्नोत्तरे

*प्रश्न: आता ड्रोन आहेत, उपग्रहाची चित्रं आहेत. एवढं पायी फिरायची गरज आहे का?*

दोन्ही लागतं. उपग्रहाची चित्रं १९७० च्या दशकापासूनची मिळतात, त्यावरून कोणतं शेत केव्हा पाण्याखाली गेलं, कांदळ कधी पसरलं हे छान कळतं. तेवढी पाहणी पायी होणारच नाही. पण दरवाजा कोणी आणि का उघडा ठेवला ते ड्रोनला दिसत नाही. चित्र पाहून प्रश्न तयार करा आणि प्रश्न घेऊन गावात जा.

*प्रश्न: बांध फुटून जिथे कांदळवन झालं आहे, ते जपायचं की शेत परत करायचं?*

सरसकट उत्तर माझ्याकडे नाही. कांदळ किनारा राखतं, मासळीला आसरा देतं. शेत गावाला अन्न देतं, आणि बांध मागच्या वस्तीलाही राखतो हे विसरू नका. जागोजागी ठरवावं लागेल. नोंद एवढंच करू शकते की ठरवणाऱ्यांसमोर त्या तुकड्याचा पूर्ण इतिहास ठेवते. एका तारखेचा फोटो दाखवून 'हेच मूळ रूप' असं कोणी म्हणू नये.

*प्रश्न: मी इंजिनीअर नाही, आर्किटेक्ट नाही. गावी खारजमीन आहे. सुरुवात कुठून करू?*

घरातून करा. जुने उतारे, पावत्या, पावणीचे कागद, पत्रं एका पिशवीत गोळा करा आणि प्रत्येकाचा फोटो काढा. मग घरातल्या सगळ्यात जाणत्या माणसाला बरोबर घेऊन बांधावरून एकदा चाला, भरतीला. तीच वाट ओहोटीला पुन्हा चाला. बोललेलं त्यांच्या परवानगीने मोबाईलवर रेकॉर्ड करा. आजीला विसरू नका, लावणी-कापणीच्या वेळा तिला जास्त पक्क्या माहीत असतात. आणि वहीत पहिल्या ओळीत तारखेबरोबर तिथी लिहा.